आईसाठी पाच विशेषणं

लंडनमध्ये पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील या दांपत्याने पहिल्यांदाच आई होणाऱ्या शंभरेक बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे दिवस भरत आले होते, पण विषय पोटातल्या बाळाचा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या लहानपणाचा होता. पुढे बाळं जन्मली, वर्षाची झाली, आणि एकेकाला आईबरोबर एका खोलीत आणून त्याचं वागणं पाहिलं गेलं. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ आईशी निर्धास्त असेल की नाही, याचा निव्वळ त्या जुन्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज चारात तीन वेळा बरोबर आला होता. जे माणूस अजून जन्मलेलंच नाही, त्याच्या वागण्याचा सुगावा त्याच्या आजी-आजोबांबद्दलच्या बोलण्यात सापडावा, याचं मला आजही नवल वाटतं.

खोलीतली चाचणी मेरी एन्सवर्थ यांची. १९५४-५५मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या गावांत त्यांनी आया आणि बाळं जवळून पाहिली आणि पुढे बाल्टिमोरमध्ये ही वीसेक मिनिटांची चाचणी बसवली. आई बाळाला ठेवून बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते, असं दोनदा. बाळ किती रडलं यापेक्षा आई दारात दिसल्यावर ते काय करतं, हे महत्त्वाचं. कुणी झेपावतं, कडेवर जाऊन शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. कुणी बिलगतंही आणि लाथाही झाडतं. आणि कुणी, आई आलीच नाही अशा थाटात, खेळण्याकडेच बघत बसतं. या शेवटच्या बाळांचे हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते चांगलेच वाढलेले निघाले. वर्षभराच्या जिवाला आपली घालमेल लपवायची कशी, हे एव्हाना समजलेलं असतं.

मुलाखतीचा आराखडा १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत मेरी मेन, कॅरोल जॉर्ज आणि नॅन्सी कॅप्लन यांनी तयार केला. लहानपणी आईशी नातं कसं होतं? पाच विशेषणं सांगा. मग एकेक विशेषण धरून विचारतात, असं का म्हणता, एखादा प्रसंग आठवतो? वडिलांबद्दलही तसंच. लागलं, ताप आला, मन दुखावलं की काय करायचात? आईवडील तसे का वागले असतील? हे तासभर चालतं आणि प्रत्येक शब्द, प्रत्येक अडखळणं जसंच्या तसं उतरवलं जातं.

समजा, एकजण म्हणाली, ‘प्रेमळ.’ प्रसंग? ‘प्रेमळच होती हो, आई असते तशी.’ तरी एखादी आठवण? ‘तसं खास काही नाही.’ आणि अर्ध्या तासाने, भलत्याच प्रश्नाला उत्तर देताना ती सांगून जाते की झाडावरून पडून हात दुखावला होता, पण आई रागावेल म्हणून दोन दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही. तपासणारा नेमका इथे थांबतो, कारण विशेषण आणि प्रसंग जुळत नाहीत. दुसरी म्हणते, ‘तापट. फार मारायची.’ लगेच प्रसंग सांगते: कपडे वाळत घालायची काठी, सांडलेलं दूध, आजीने मध्ये पडणं. मग म्हणते, ‘चार पोरं, वडील फिरतीवर, तिला तरी कोण होतं? पण मला भीती वाटायची, तेही खरंच.’ हिचं लहानपण जास्त खडतर, आणि तरीही हिचं बाळ निर्धास्त असण्याची शक्यता जास्त. गुण मिळतात ते सांगण्याच्या सुसंगतपणाला, बालपणाच्या सुखाला नव्हे.

‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा मला आता पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो: एखादा प्रसंग सांगता? तेव्हा कसं वाटलं होतं?

हे सगळं रक्तातूनच आलेलं नसेल कशावरून? मेरी डोझिअर यांनी अमेरिकेत दुसऱ्यांची बाळं सांभाळणाऱ्या पन्नास पालक-आया घेतल्या. त्यांच्यात आणि बाळात रक्ताचा संबंध नाही, तरी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७२ टक्के जोड्या जुळल्या. लंडनच्या अभ्यासात वडिलांच्याही मुलाखती झाल्या होत्या. बाळाचं आईशी वागणं आईच्या मुलाखतीला जुळत होतं, वडिलांशी वागणं वडिलांच्या. एकच लेकरू एकाच घरात दोन वेगवेगळ्या बालपणांचे धागे धरून बसलेलं!

या मुलाखतींच्या आधी, १९७५मध्ये, मिशिगनमधल्या सेल्मा फ्रायबर्ग यांनी एका तरुण आईची हकिगत लिहिली होती. शेजारी साडेपाच महिन्यांची मुलगी हंबरडा फोडून रडतेय आणि आईला जणू ऐकूच येत नाही. स्वतः टाकलेलं मूल म्हणून वाढलेली ही बाई आपलं दुःख कोरडेपणाने सांगायची. तिला पोरीला कसं घ्यायचं ते शिकवत बसण्याऐवजी फ्रायबर्ग आणि त्यांचे सहकारी तिचंच रडणं ऐकायला बसले. तिला मनमोकळं रडू फुटू लागलं, तशी ती लेकीला उचलून छातीशी धरू लागली.

ही भविष्यवाणी नव्हे. २०१६मध्ये ९५ गटांतल्या ४,८१९ पालक-मुलांच्या जोड्या एकत्र तपासल्या तेव्हा संबंध टिकला, पण आधी वाटला होता त्यापेक्षा बराच सैल निघाला. शिवाय आईचं सांगणं बाळाच्या अंगवळणी नेमकं कसं पडतं, याचा पुरता उलगडा झालेला नाही. बाळाची हाक वेळेवर ओळखून तिला साद देणं ही त्यातली फक्त एक वाट.

तो सैलपणाच मला मोलाचा वाटतो. मिनेसोटातल्या संशोधकांनी लहानपणी मार खाल्लेल्या आयांचा माग काढला आणि १९८८मध्ये, ज्यांनी आपल्या मुलांवर हात टाकला नाही त्यांचं वेगळेपण नोंदवलं. काहींना समजूतदार, टिकून राहणारा जोडीदार मिळाला होता. काहींनी मानसोपचार घेतले होते. आणि काहींच्या लहानपणी, त्या मारझोडीच्या काळातच, मायेने वागवणारं एखादं मोठं माणूस होतं. आपल्या घरांत ती आजी असेल, आत्या असेल किंवा भिंतीपलीकडून रडणं ऐकून ‘ये गं इकडे’ म्हणणारी शेजारची काकू.