वाऱ्याची ताकद



वारा आपल्याला नवा नाही. रास उफणायची असली की आपण वाऱ्याची वाट पाहतो. सूप उंच धरतो. दाणे पायाशी पडतात, भुसकट दूर जाते. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यात जोर आहे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

हाच वारा चैत्र-वैशाखात वेगळे रूप दाखवतो. वळवाचे वादळ येते आणि घरावरचे पत्रे उडवून नेते. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हापासून आपल्या भागाला माळवदाच्या जड छपराची धास्ती बसली. निलंगा, औसा, उमरगा या बाजूला अनेकांनी पत्रे घातले. म्हणून ही गोष्ट आपण नीट समजून घेऊ. वारा तर आडवा वाहतो. मग पत्रा वर कसा उचलला जातो?

वारा घराला अडतो आणि छपरावरून चढून पुढे जातो. तिथे त्याचा वेग वाढतो. अशा वेगाने जाणाऱ्या हवेचा छपरावरचा दाब कमी होतो. घरातली हवा मात्र जागच्या जागी असते. तिचा दाब तसाच राहतो. खालून दाब जास्त, वरून कमी. मग पत्रा वर उचलणारच! वाऱ्याकडचे दार उघडे असेल तर वारा आत शिरतो आणि आणखी ढकलतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वादळ दिसले की वाऱ्याकडची दारे-खिडक्या लावून घ्या. आणि पत्र्यांवर नुसते दगड ठेवून भागत नाही. पत्रा उचलला की तोच दगड घरातल्या माणसाच्या डोक्यात पडतो. पत्रे हूक-बोल्टाने खालच्या लाकडाला किंवा लोखंडी पाइपाला पक्के आवळून घ्या.

जे छपराला घातक, तेच विमानाला उपयोगी. विमानाचा पंख वरून थोडा फुगीर असतो आणि पुढून किंचित उचललेला असतो. विमान जोराने धावते तेव्हा पंख हवेला खाली वळवतो. पंखाच्या वर दाब कमी, खाली दाब जास्त. हवा खाली ढकलली जाते आणि विमान वर उचलले जाते.

ही विद्या आपल्या मराठी मुलखातल्या एका माणसाने चांगली हस्तगत केली. त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरकडच्या हसूरचंपू या गावी झाला. शिकत शिकत ते जर्मनीतल्या गोटिंगेन या गावी पोचले. तिथे प्रांट्ल नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टर ही पदवी मिळवली.

या प्रांट्ल यांनी १९०४ साली एक साधी वाटणारी पण मोठी गोष्ट सांगितली होती. वस्तूला अगदी लागून असलेली हवा वस्तूला चिकटून राहते. तिच्या बाहेरची हवा तेवढी वेगाने वाहते. घरातला पंखा बघा. दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यावर धूळ बसतेच. ती उडून का जात नाही? कारण पात्याला लागून हवेचा जो पातळ थर असतो, तो पात्याबरोबरच फिरतो. पंख कसा घडवावा, हे ठरवताना हा पातळ थर विसरून चालत नाही.

घाटगे मायदेशी परत आले. १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी बंगलोरला विमानांचा कारखाना उभा केला. त्या कारखान्यात घाटगे यांनी काम केले. त्यांच्या देखरेखीखाली आखलेले एच. टी. २ हे विमान १९५१ साली उडाले. नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी ते विमान होते. पुढे १९५८ साली पुष्पक उडाले, १९५९ साली कृषक उडाले. कृषक म्हणजे शेतकरी! पण या कृषकाचे काम नांगरटीचे नव्हते, वरून टेहळणी करण्याचे होते. घाटगे १९९१ साली वारले.

आता पवनचक्कीकडे वळू. तुम्ही म्हणाल, विमानाचा आणि पवनचक्कीचा काय संबंध? संबंध सख्ख्या भावंडांचा आहे. पवनचक्कीचे पाते म्हणजे विमानाचा पंखच. विमानात पंख हवेतून धावतो. पवनचक्कीत वारा पात्यावरून धावतो. पाते उचलले जाते, पण ते मधल्या आसाला बांधलेले असल्यामुळे गोल फिरते. त्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र चालते.

वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येते का? नाही. त्याच गोटिंगेन गावात बेट्झ नावाचे दुसरे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२० साली हिशेब मांडला. वाऱ्यात ताकदीच्या २७ पायल्या असतील, तर जास्तीत जास्त १६ पायल्या आपल्या हाती लागतील. असे का? एस. टी. तून उतरलेली माणसे दारातच उभी राहिली, तर मागची कशी उतरणार? तसेच वाऱ्याचे आहे. सगळी ताकद काढून घेतली तर वारा पात्यामागेच थांबेल आणि नव्या वाऱ्याला जागा उरणार नाही. म्हणून कोणी सांगितले की आमचे यंत्र वाऱ्याची सगळी ताकद काढते, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा हिशेब वेगाचा आहे. वारा दुप्पट झाला तर ताकद दुप्पट नाही, आठपट होते. दोन दुणे चार, चार दुणे आठ. म्हणूनच पवनचक्क्या खोलगट रानात न उभारता उघड्या माळावर आणि डोंगरपठारावर उभारतात. आपल्या राज्यात रत्नागिरीला १९८६ च्या सुमारास पवनचक्क्या लागल्या. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर त्या मोठ्या संख्येने आल्या. आपल्या शेजारच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतही त्या फिरताना दिसतात.

आणि इथेच तुमच्या नव्या अक्षरांची गरज आहे. पवनचक्कीला जागा लागते, रस्ता लागतो, तारांना वाट लागते. उद्या कोणी तुमच्या बांधावर कागद घेऊन आला, तर घाई करू नका. हा कागद खरेदीचा आहे की भाडेपट्ट्याचा? किती वर्षांचा? पैसे किती आणि केव्हा मिळणार? सातबाऱ्यावर काय नोंद होणार? मुदत संपल्यावर जमीन पूर्वीसारखी कोण करून देणार? हे सगळे स्वतः वाचा. अडले तर जाणत्याला विचारा. तोंडी सांगितलेले कागदावर लिहून घ्या.

वारा कोणाच्या मालकीचा नाही, पण जमीन तुमची आहे. अंगठा उठवण्याचे दिवस तुम्ही मागे टाकलेत. आता आधी वाचा आणि मगच सही करा.