काउंटरमागची दहा वर्षं

जपानच्या नागासाकी प्रांतात, सासेबो शहरातल्या हुइस टेन बॉश या थीम पार्कमध्ये जुलै २०१५ मध्ये ‘हेन ना’ नावाचं हॉटेल सुरू झालं. रिसेप्शनवर एकीकडे माणसासारखी दिसणारी यांत्रिक तरुणी, दुसरीकडे टोपी घातलेला डायनासोर. पाहुण्याने त्यांच्याशी बोलायचं, समोरच्या पडद्यावर बोटं फिरवायची आणि खोली गाठायची. गिनेस बुकाने यंत्रमानवांनी चालवलेलं पहिलं हॉटेल म्हणून त्याची नोंद केली. फोटो जगभर छापले गेले आणि रिसेप्शनिस्टच्या नोकरीचे दिवस भरले, असं अनेकांना वाटून गेलं.

दहा वर्षांनंतर ती नोकरी शिल्लक आहे, पण तिच्यातलं काम ओळखू येऊ नये इतकं बदललं आहे. गंमत म्हणजे डायनासोरचा त्यात फारसा वाटा नाही.

काउंटरवर यंत्र येणं मुळात नवीन नव्हतं. अमेरिकेतल्या हॉलिडे इनने १९६५ मध्येच आयबीएमच्या मदतीने ‘होलिडेक्स’ ही आरक्षणाची संगणकप्रणाली उभी केली होती. आपल्याकडे पितळी बिल्ल्यांच्या किल्ल्या, जाडजूड रजिस्टर आणि रात्रपाळीचं नाईट ऑडिट बरीच वर्षं टिकलं. रेस्टॉरंट, लाँड्री, टेलिफोन असा एकेका खोलीचा खर्च जुळवून पहाटेपर्यंत दिवस ‘बंद’ करणारा तो कारकून पुढे सॉफ्टवेअरने मोकळा केला. तरीही संगणक फक्त लिहून ठेवायचा. कोणाला कुठली खोली द्यायची, किती सवलत द्यायची, कोणाचं ऐकून घ्यायचं, हे माणूस ठरवायचा. गेल्या दशकात यंत्र आधी उत्तरं देऊ लागलं आणि मग ठरवूही लागलं.

पहिली काही वर्षं देखाव्याची होती. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या अलॉफ्ट हॉटेलात २०१४ मध्ये टॉवेल आणि टूथब्रश खोलीपर्यंत पोचवणारा चाकांचा ‘बॉटलर’ आला. हिल्टनने २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या मॅक्लीन इथे ‘कॉनी’ नावाचा छोटा यंत्रमानव काउंटरवर उभा केला. त्यामागे आयबीएमची ‘वॉटसन’ प्रणाली होती. कॉनी जवळपासची रेस्टॉरंट आणि प्रेक्षणीय स्थळं सांगायचा, पण चेक-इन शेजारचा माणूसच करायचा. ‘हेन ना’मध्ये तर उलटाच प्रकार झाला. डायनासोरना पासपोर्टची झेरॉक्स काढता येईना, म्हणून माणसांना पुढे यावं लागलं. खोलीतली ‘चुरी’ नावाची बाहुली पाहुण्याचं घोरणं म्हणजे प्रश्न समजून त्याला झोपेतून उठवायची आणि ‘परत सांगाल का?’ असं विचारायची. यंत्रांची निगा राखण्यातच माणसं दमू लागली. २४३ पैकी निम्म्याहून अधिक यंत्रमानव हॉटेलने काढून टाकल्याची बातमी जानेवारी २०१९ मध्ये आली.

लोक यावर हसत होते, तोवर दुसरं काम बिनबोभाट चाललं होतं. त्या यंत्राला चेहरा नव्हता, म्हणून त्याचे फोटोही छापून आले नाहीत. रिसेप्शनच्या फोनवर दिवसभर तेच ते विचारलं जातं: नाश्ता कितीपर्यंत, वायफायचा पासवर्ड काय, लहान मुलाचे वेगळे पैसे लागतात का, गाडी कुठे लावायची. लंडनच्या एडवर्डियन हॉटेलांनी २०१६ मध्ये ‘एडवर्ड’ हा संदेशांना उत्तरं देणारा चॅटबॉट आणला, तर लास व्हेगासच्या कॉस्मोपॉलिटनने पुढच्या वर्षी ‘रोझ’. तेव्हाची उत्तरं ठरावीक साच्यातली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि साचा मोडला. आता प्रश्न अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगने व्हॉट्सअॅपवर टाकला तरी यंत्राला कळतो, आणि उत्तर रात्री तीन वाजताही येतं.

मात्र सफाईदार बोलणाऱ्या यंत्राच्या हातून सफाईदार चुकाही होतात. यातला गाजलेला निकाल विमान कंपनीचा आहे, पण हॉटेलांना तो तंतोतंत लागू पडतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्यातल्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी कंपनीची, हे ठीकच झालं. पण दुपारी बारा वाजता ‘तुमच्या बॉटने चारपर्यंत राहा म्हणून सांगितलंय’ असं म्हणत मोबाइल पुढे धरणारा पाहुणा कंपनीकडे जात नाही. तो काउंटरवर येतो.

ओळख पटवण्याचं कामही असंच हळूहळू सरकत गेलं. आपल्याकडे रिसेप्शनिस्टचा बराच वेळ आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये आणि परदेशी पाहुणा असला तर चोवीस तासांच्या आत भरायच्या ‘सी फॉर्म’मध्ये जायचा. कागदपत्राचा फोटो घेऊन नाव, पत्ता, नंबर आपोआप उचलणाऱ्या प्रणाली आल्या आणि हा वेळ घटला. चीनमध्ये अलीबाबाने २०१८ च्या अखेरीस हांगझोऊत ‘फ्लायझू’ हॉटेल उघडलं. तिथे पाहुण्याचा चेहरा हीच लिफ्टची आणि खोलीची किल्ली होती. २०२० च्या साथीने स्पर्श टाळण्याची सवय लावली, तेव्हा अशा प्रयोगांना सगळीकडेच वेग आला. पण त्याच चीनमध्ये २०२४ मध्ये शांघायच्या हॉटेलांना, ओळखपत्र दाखवणाऱ्या पाहुण्यावर चेहरा स्कॅन करण्याची सक्ती करू नका, असं सांगण्याची वेळ आली.

या सगळ्यांत खोलवरचा बदल दराचा आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री दहा वाजता लोणावळ्याला भिजलेलं कुटुंब आरक्षण नसताना दारात उभं राहिलं, तर पूर्वी काउंटरवरचा माणूस मनात हिशेब करायचा. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. शिवाय लहान मूल सोबत आहे, माणसं बरी दिसतायत. ‘बघू, काहीतरी करू’ म्हणून तो भाव खाली आणायचा. आज बऱ्याच हॉटेलांत मागणी, सुट्ट्या, शेजारच्या हॉटेलांचे दर पाहून सॉफ्टवेअर तासातासाला भाव ठरवतं. धंद्याच्या दृष्टीने ते बहुधा माणसापेक्षा अचूक असतं. पाहुणा मात्र घासाघीस त्या माणसाशीच करतो, आणि त्याच्या हातात आता काही नसतं.

अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी हे लवकर ओळखलं. २०१८ मध्ये ‘युनाइट हिअर’ या संघटनेचे हजारो कामगार मॅरियटच्या हॉटेलांत संपावर गेले. पगाराबरोबरच नवं तंत्रज्ञान आणण्याआधी सूचना मिळावी, हीही त्यांची मागणी होती. लास व्हेगासच्या कलिनरी युनियनने २०२३ च्या करारात, तंत्रज्ञानामुळे नोकरी गेली तर नुकसानभरपाईची तरतूद पदरात पाडून घेतली. आपल्याकडच्या लॉज आणि मध्यम हॉटेलांत संघटनाच विरळ. तिथे बदल कुठलीही नोटीस न देता येतो: रात्रपाळीत दोनऐवजी एक जण बसू लागतो, एवढंच.

आणि त्या एकाच्या वाट्याला येतं ते निवडक कठीण काम. दोनदा विकली गेलेली खोली, बंद पडलेला एसी, अॅपवर भरलेले पण हॉटेलात न पोचलेले पैसे, लग्नाच्या वऱ्हाडातलं भांडण. साधे प्रश्न यंत्राने गाळून घेतलेले असल्यामुळे समोर येणारा जवळपास प्रत्येक माणूस आधीच वैतागलेला असतो. यात नवशिक्यांचं नुकसान अधिक आहे. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ सालची. तिच्यासारख्या संस्थांतून येणारी मुलं फोन घेत, फॉर्म भरत, किल्ल्या देत माणसं वाचायला शिकायची. ही सोपी कामं म्हणजे त्यांची बालवाडी होती. आता त्यांना पहिल्याच दिवशी दहावीच्या पेपरला बसवलं जातं.

या दशकाने रिसेप्शनिस्टच्या तोंडी एक वाक्य बसवलं: ‘सर, सिस्टीम अलाउ करत नाही.’ ते खोटं नसतं. सवलत, अपग्रेड, उशिरा खोली सोडण्याची मुभा हे छोटे अधिकार एकेक करून पडद्यामागे गेले. शिव्या खाण्याची जबाबदारी तेवढी काउंटरवर राहिली. याचा दोष यंत्राला देऊन भागणार नाही, कारण यंत्राला अधिकार देणारे आणि माणसाकडून ते काढून घेणारे मालकच आहेत. याउलट जाणारं उदाहरणही याच धंद्यात आहे. रिट्झ-कार्लटनमध्ये पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करता येतो, आणि हा नियम चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीचा आहे.

दोन हजार डॉलर कोल्हापूर-शिर्डीच्या हॉटेलाला झेपणार नाहीत, पण दोन हजार रुपये झेपतील. सोपं काम यंत्राकडे गेलं असेल, तर कठीण कामाला लागणारा अधिकार माणसाकडे यायला हवा. पुढच्या दशकाचा मागोवा घेणाऱ्याने हॉटेलात किती यंत्रं बसली हे मोजण्याआधी, रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या मुलीला कोणालाही फोन न करता किती रुपयांपर्यंतचा निर्णय घेता येतो, ते विचारावं.