जुन्या वेगवान गाडीची पारख आणि निगा : मर्सिडीज ५०० ई

जुनी, उंची आणि वेगवान मोटार विकत घेऊ पाहणारा ग्राहक बहुधा दोन आकडे आधी विचारतो : गाडी किती किलोमीटर चालली आहे आणि तिची किंमत किती. तीस वर्षे ओलांडलेल्या गाडीच्या बाबतीत हे दोन्ही आकडे अपुरे ठरतात, कारण अशा गाडीची झीज जितकी रस्त्यावर होते त्याहून अधिक ती उभी असताना होते. पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे भाग वेळच्या वेळी वंगण मिळाले तर लाखो किलोमीटर टिकतात. परंतु रबर, प्लॅस्टिक, तारांवरचे वेष्टन, ब्रेकचे तेल, रेडिएटरमधले शीतक हे सारे गाडी हलली नाही तरी आपापल्या गतीने जुने होत राहते. म्हणून अशा गाडीची पारख म्हणजे तिच्या कोणत्या भागावर किती काळ गेला आहे हे वाचण्याचे कौशल्य, आणि तिची निगा म्हणजे तो काळ प्रत्येक भागावरून वेळोवेळी उतरवीत राहण्याचे काम, असे म्हणता येते. हे कौशल्य प्रत्यक्षात कसे वापरले जाते ते समजून घेण्यासाठी १९९० ते १९९५ या काळात जर्मनीत तयार झालेली मर्सिडीज-बेंझ ५०० ई ही गाडी फार उपयुक्त आहे.

डब्ल्यू १२४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मालिकेतील ही सर्वांत जोरकस आवृत्ती ऑक्टोबर १९९० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिच्यात ५०० एसएल या स्पोर्ट्स गाडीतील एम ११९ या घराण्याचे पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवले होते. त्याची ताकद सुरुवातीला ३२६ अश्वशक्ती होती, पुढे ती ३२० करण्यात आली आणि कमाल वेग ताशी २५० किलोमीटरवर रोखून ठेवला होता. १९८८ मध्ये मर्सिडीजने या गाडीच्या विकासाचे काम पोर्शे कंपनीकडे सोपवले. चाकांवरचे फुगीर पत्रे असलेली ही रुंद गाडी मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन येथील नेहमीच्या जुळवणी-मार्गावर मावत नसल्याने तिची जुळवणी स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागातील पोर्शेच्या कारखान्यात होऊ लागली. सांगाडा पोर्शेकडे तयार होई, रंगासाठी मर्सिडीजकडे जाई, अंतिम जुळवणीसाठी पुन्हा पोर्शेकडे येई आणि एक गाडी पुरी होण्यास सुमारे अठरा दिवस लागत. १९९३ पासून ई ५०० असे नाव मिळालेल्या या प्रकारच्या एकूण १०,४७९ गाड्या बांधल्या गेल्या. संख्या एवढी मर्यादित असल्याने तिचे पुढचे पत्र्याचे फेंडर, मागचे शॉकॲब्सॉर्बर असे केवळ तिच्यासाठी केलेले भाग आज मिळवणे खर्चिक होते. उलट दारे, कुलुपे, काचा यांसारखे अनेक भाग साध्या डब्ल्यू १२४ शी समान असल्यामुळे तुलनेने सहज मिळतात. कोणता भाग कोणत्या गटात मोडतो हे आधी ठाऊक असणे ही खरेदीची पहिली तयारी होय.

पारखेची सुरुवात कागदपत्रांपासून होते. कारखान्यातून निघताना प्रत्येक गाडीची एक नोंदपत्रिका तयार झालेली असते. जर्मन भाषेत तिला डाटेनकार्टे म्हणतात आणि तिच्यात चासी क्रमांक, इंजिन व गिअरबॉक्स यांचे क्रमांक, रंगाचा सांकेतिक अंक आणि मागवलेल्या सोयींची यादी असते. ५०० ईच्या चासी क्रमांकात १२४०३६ हा अंकसमूह असतो. इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदपत्रिका यांचा मेळ बसला की गाडी मूळची आहे याची खात्री पटते. त्यानंतर सर्व्हिसच्या नोंदवहीतील शिक्के, सुट्या भागांच्या पावत्या आणि जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावून पाहावे लागतात. या मालिकेतील गाड्यांच्या किलोमीटर-मापकातील बारीक दातेरी चाक सैल होऊन किंवा तुटून आकडा थांबल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. त्यामुळे मापकावरच्या आकड्यापेक्षा अहवालांत त्या-त्या वर्षी नोंदलेले आकडे अधिक विश्वासार्ह असतात. या कागदांमध्ये सलग काही वर्षांची पोकळी दिसली, तर ती गाडी तेवढा काळ उभी होती की तिच्याकडे दुर्लक्ष झाले याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदांनंतर पत्रा तपासला जातो. रंगाच्या थराची जाडी मोजणारे छोटे उपकरण पत्र्यावर टेकवत गेले की मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास आढळतो, आणि जिथे हा आकडा कैक पटींनी वाढतो तिथे खाली लांबी भरलेली असते, म्हणजेच जुना अपघात किंवा गंज झाकलेला असतो. दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर या गाडीला रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत. त्यांच्या मागे साचलेली माती ओल धरते आणि आतला पत्रा बाहेरून काही न दिसता कुजत राहतो. जॅक लावण्याच्या भोकांवरची प्लॅस्टिकची झाकणे काढून आत विजेरीचा प्रकाश टाकणे, पुढच्या स्प्रिंगची बैठक खालून पाहणे आणि डिकीतील गालिचा उचलून बॅटरीखालचा पत्रा तपासणे ही तीन कामे न करता केलेली पाहणी अपुरी समजावी. इंजिनाने पुढची सगळी जागा व्यापल्यामुळे या गाडीत बॅटरी डिकीत ठेवलेली आहे, आणि जुन्या बॅटरीतून झिरपलेले आम्ल तिथल्या पत्र्याला खाऊन टाकते.

इंजिन तपासताना ते पूर्ण थंड असण्याचा आग्रह धरावा लागतो, कारण विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच दोष लपवते. थंड इंजिन सुरू होताच वरच्या बाजूने काही सेकंद टकटक ऐकू येणे स्वाभाविक आहे. तेलाचा दाब पोहोचला की ती थांबते. ती थांबली नाही, तर कॅमशाफ्टवर तेल सोडणाऱ्या नळ्यांचे प्लॅस्टिकचे जोड सैल झाले असण्याची शक्यता असते. हे जोड स्वस्त असतात, पण त्यांच्याअभावी कोरडा चालणारा कॅमशाफ्ट महाग पडतो. याहून गंभीर प्रश्न टायमिंग चेनचा असतो. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची गती एकमेकांशी जुळती ठेवणारी ही दुहेरी साखळी स्वतः दणकट असली, तरी तिला वळण देणाऱ्या मार्गदर्शक पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. वर्षानुवर्षे गरम तेलात राहून त्या ठिसूळ होतात, आणि एखादा तुकडा तुटून साखळीत अडकला तर साखळी दाते सोडते व वाल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून गाडी कमी चालली आहे या कारणाने पट्ट्या बदलण्याचे टाळणे हा खोटा हिशेब ठरतो.

ठिणगीची यंत्रणा जवळून पाहिली की काळाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. या इंजिनाला एक सोडून दोन डिस्ट्रिब्युटर आहेत. दोन्ही सिलिंडर-ओळींच्या पुढच्या टोकांना बसवलेल्या या वाटक यंत्रणा प्रत्येकी चार सिलिंडरांना विजेची ठिणगी पुरवतात. त्यांची कॅप उघडून उजेडात तिरपी धरली, तर आतल्या काळ्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक राखाडी रेषा दिसू शकतात. ओल आत शिरल्यावर वीज ठरलेल्या टोकाऐवजी भिंतीवरून धावली याच्या त्या खुणा असतात. टोकांवर पांढरट-हिरवा थर चढलेला असतो, आणि रोटरच्या मागे बसणारी संरक्षक चकती हात लावताच तडकते. अशी गाडी कोरड्या हवेत व्यवस्थित चालते, मात्र धुतल्यावर किंवा पावसाळी सकाळी मिसिंग करू लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आणि इंजिन थरथरते. कॅप, रोटर आणि चकत्या एकाच वेळी नव्या बसवल्या तर हा दोष मुळासकट जातो. त्यातला एकच भाग बदलला तर दोष पुन्हा डोके वर काढतो.

इंजिनाच्या वायरिंगची तपासणी त्याहून नाजूक असते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत वापरलेले तारांचे वेष्टन उष्णतेने कडक होऊन झडू लागते, आणि ५०० ईच्या, विशेषतः शेवटच्या वर्षांतील गाड्यांच्या, बाबतीत हा प्रश्न सर्वज्ञात आहे. जोडाजवळचे रबरी आवरण हलकेच मागे सरकवून आतली एक तार दोन बोटांत किंचित वाकवली, तर चांगले वेष्टन लवचीकपणे वळते आणि बिघडलेले वेष्टन वाळक्या सालीसारखे सुटून खालचे तांबे उघडे पडते. उघड्या तारा एकमेकींना भिडल्या की इंजिनाच्या संगणकाला चुकीचे संदेश जातात आणि महागडे नियंत्रक निकामी होऊ शकतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप, या गाडीत विजेच्या यंत्रणेने चालते. तिच्या आतल्या तारांनाही हाच रोग जडतो. वायरिंग नवे असल्याची पावती मिळाली तर ती गाडीच्या किमतीत भर घालणारी गोष्ट मानावी.

चालवून पाहताना कानापेक्षा पाठीचा अनुभव अधिक बोलका असतो. मागच्या बाजूला या गाडीत तेलाच्या दाबाने उंची सांभाळणारी यंत्रणा आहे. इंजिनावर चालणारा पंप तेल ढकलतो आणि पडद्याने विभागलेल्या धातूच्या गोळ्यांत कोंडलेला नायट्रोजन वायू स्प्रिंगचे काम करतो. हा वायू वर्षानुवर्षे निसटत जातो, आणि तो संपला की लहान खड्ड्यावरही मागची बाजू लाकडी फळीवर बसल्याप्रमाणे ठोकर देते. मग अनेकदा निष्कारण शॉकॲब्सॉर्बर बदलले जातात, तर दोष गोळ्यांचा असतो. चार गिअरांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सलाही इंजिनाच्या व्हॅक्यूमचा, म्हणजे निर्वात दाबाचा, आधार लागतो. म्हणून गिअर बदलताना बसणारा झटका गिअरबॉक्सच्या आतल्या बिघाडाऐवजी एखाद्या चिरलेल्या रबरी नळीमुळेही असू शकतो. निदानाचा क्रम स्वस्त भागापासून महाग भागाकडे नेणे हा जुन्या गाडीच्या दुरुस्तीतला सर्वांत उपयोगी नियम होय.

टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक हा कालगणनेचा सर्वांत सोपा धडा आहे. तिथे २३१८ असे लिहिलेले असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे असा त्याचा अर्थ होतो. नक्षी पूर्ण शाबूत असलेला पण दहा वर्षे जुना टायर ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणाऱ्या गाडीला धोकादायक असतो, कारण त्याचे रबर कडक झालेले असते आणि आतले थर सुटू लागलेले असतात. हाच न्याय सर्वत्र लावावा लागतो : ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेत असल्याने ते दर दोन वर्षांनी बदलावे, शीतकातील गंजरोधक द्रव्ये संपत जातात, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या इंजिनाला जपण्यासाठी तेही ठरावीक वर्षांनी बदलावे, इंजिन ऑइल गाडी फारशी चालली नसली तरी वर्षातून एकदा काढावे, आणि रबरी नळ्या, बुश, इंजिन माउंटिंग यांची नोंद बसवल्याच्या तारखेनिशी ठेवावी. अशी तारीखवार वही तयार झाली की निगा राखणे हे बिघाडामागे धावणे राहत नाही, ते आगाऊ आखता येणारे काम बनते.

खर्चाचा विचारही याच दृष्टीने करावा लागतो. गाडीचे बाजारमूल्य वर्षांगणिक घसरते, पण तिचे सुटे भाग ती नवी असताना ज्या वर्गात मोडत होती त्या वर्गाच्या दरानेच मिळत राहतात. अनेक उंची गाड्यांच्या आयुष्याची मधली वर्षे अशा मालकांकडे गेलेली असतात की ज्यांना गाडी परवडत होती पण तिचे भाग परवडत नव्हते, आणि त्या काळात लांबणीवर टाकलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या मालकाच्या वाट्याला येते. म्हणून खरेदीसाठी ठरवलेली सगळी रक्कम किमतीतच न संपवता तिचा मोठा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे असते, आणि थोडी अधिक किंमत देऊन पावत्यांसह सांभाळलेली गाडी घेणे बहुतेक वेळा स्वस्तच पडते. जर्मनीत तीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या अहवालावरून ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते व वार्षिक कर सुमारे १९१ युरो असा ठोक होतो; ५०० ई आता त्या वयाची झाली आहे, त्यामुळे तिची मूळ अवस्था जपण्याला आर्थिक अर्थही आला आहे. स्टुटगार्टजवळच्या फेलबाख येथे १९९३ मध्ये सुरू झालेले मर्सिडीजचे क्लासिक सेंटर जुन्या गाड्यांची दुरुस्ती आणि भागांचा पुरवठा यांसाठी ओळखले जाते.

महाराष्ट्राचा या मालिकेशी जवळचा संबंध आहे, कारण मर्सिडीजने भारतातील जुळवणी १९९५ मध्ये पुण्यात टेल्को कंपनीच्या आवारात सुरू केली ती डब्ल्यू १२४ नेच. ५०० ई त्यात नव्हती. तरीही व्हॅक्यूमवर चालणारी कुलुपे, मागच्या चाकांना धरणारे अनेक दांडे आणि त्यांचे बुश यांची माहिती असलेले मिस्त्री पुण्या-मुंबईत तयार झाले ते या गाडीच्या साध्या भावंडांवर काम करून. त्यांनी हातांनी मिळवलेले हे ज्ञान लिहून ठेवले गेले पाहिजे, कारण यंत्राचा भाग नव्याने घडवता येतो, पण त्याचे निदान करणारी नजर घडायला वर्षे लागतात.

अशा गाडीला झाकून ठेवणे हा तिला जपण्याचा मार्ग नाही. इंजिन पूर्ण तापेपर्यंत नियमित चालवले की तेलातील ओल उडून जाते, सील ओले राहतात, ब्रेकचे पिस्टन जाम होत नाहीत आणि लहान दोष लहान असतानाच कळतात. जी गाडी महामार्गावर बेभान वेगासाठी बांधली गेली, तिचे दीर्घायुष्य वही, तारखा आणि नेमाने केलेल्या साध्या कामांवर अवलंबून आहे. आणि हे काम आवडीने करण्याची तयारी ज्याची असेल, त्यानेच ती विकत घ्यावी, कारण तिच्या मालकीचा खरा आनंदही त्याच कामात आहे.