ॲक्रिलिकला भोक पाडताना

वसई-विरारमध्ये दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारागीर बांधवांसाठी हे दोन शब्द. शेवटच्या भोकाला तडा गेला की तयार पाटी वाया जाते. लोखंडाचे बिट ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसते, म्हणून त्याची धार दगडावर किंचित घासून मोडावी. शीटखाली लाकडी फळी ठेवून दोन्ही क्लॅम्पने आवळावे. कडेपासून भोकाच्या दुप्पट तरी अंतर सोडावे. सुमारे १०० अंश उष्णतेला ॲक्रिलिक मऊ पडून बिटाला चिकटते. ड्रिल सावकाश चालवावे, मधूनमधून उचलून कीस काढावा. बिट पार होताना दाब कमी करावा. उन्हाने शीट वाढते, म्हणून ४ मिलीमीटरच्या स्क्रूला ५ चे भोक ठेवावे, स्क्रू करकचून आवळू नये. गिऱ्हाइकाचा माल अमानत आहे. आधी तुकड्यावर हात बसवावा.