घोड्याच्या पाठीचे बळ पोटात

भाकरी का करपली, घोडा का अडला, या प्रश्नांचे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे : ‘न फिरवल्याने!’ खामगाव-शेगाव परिसरातील वरातीच्या घोड्यांना ते तंतोतंत लागू पडते. लग्नसराईत घोडा डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभा असतो. आषाढीनंतर बहुतेक वराती थांबतात आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत दावणीला बांधलेला राहतो. मग एकदम पाठीवर ओझे येते आणि पाठ धरते.

असे का होते? घोड्याची पाठ म्हणजे जणू धनुष्य. कणा ही त्याची कमान, तर पोटाचे स्नायू ही दोरी. दोरी सैल पडली की कमान खाली झुकते. शिवाय मणक्यांना सांभाळणारे ‘मल्टिफिडस’ नावाचे खोल स्नायू असतात. पाठदुखीत ते रोडावतात आणि नुसत्या विश्रांतीने भरून येतीलच असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ घोड्यांना तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस मान वळवण्याचे व्यायाम दिले गेले. सोनोग्राफीत हे स्नायू जाड झालेले दिसले.

यासाठी खर्च काहीच नाही. आधी दहा मिनिटे घोडा चालवून अंग मोकळे करावे. मग :

१) गाजर किंवा हिरवा चारा दाखवून हनुवटी छातीकडे, नंतर पुढच्या गुडघ्यांमधे, मग दोन्ही कुशींकडे आणवावी. चार-पाच सेकंद थांबवून घास द्यावा. प्रत्येक प्रकार पाच वेळा. मान ओढू नये, हिसका देऊ नये.

२) खांद्याजवळ उभे राहून, तंग बांधतो त्या जागी छातीखाली मधोमध बोटांनी हळू दाबावे. घोडा पाठ वर उचलतो.

३) जमिनीवर अडीच-तीन फुटांवर चार-पाच बांबू ठेवून त्यांवरून सावकाश चालवावे. बांबू घरंगळू नयेत म्हणून टोकांना माती लावावी.

४) चार-सहा पावले सरळ मागे चालवावे.

खोगीर ठेवताच घोडा कान मागे टाकत असेल, चावायला येत असेल किंवा लंगडत असेल, तर तो खोडी काढतो असे समजून चाबूक उगारू नये. ते दुखणे असू शकते. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे, व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत.

ओझ्याचाही हिशेब ठेवावा. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो. त्यात खोगीर, नवरदेव आणि पुढे बसवलेले पोरही आले! तेव्हा वऱ्हाडी मंडळींनीही विचार करावा. घोडेवाल्याचे घर ज्या पाठीवर चालते, ती पाठ मजबूत करायला चातुर्मासाइतका चांगला मुहूर्त नाही.