उष्णतेच्या लाटेचा अंदाज आणि आपले गोदाम

दर वर्षी फेब्रुवारी संपताना भारतीय हवामान खाते उन्हाळ्याचा अंदाज जाहीर करते. 2016 पासून ही पद्धत सुरू आहे. कोणत्या भागात उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहतील, हे त्यात सांगितलेले असते. आपले बहुतेक व्यापारी बंधू ती बातमी वाचून पान उलटतात. लाट म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडची गोष्ट, शाहूवाडीला सह्याद्रीची सावली आहे, अशी सर्वांची समजूत. मलकापूर, बांबवडे भागात कापड, कापूस, गाद्या, मंडपाचे सामान असा माल भरून बसलेल्यांना ही समजूत महागात पडू शकते, असे आम्हाला वाटते. त्याचे कारण समजून घेऊ.

खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांना पोहोचले आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असले, तर ती लाट. डोंगराळ भागासाठी हा आकडा 30 आणि किनारपट्टीसाठी 37 धरतात. पारा 45 वर गेला तर मग सरासरी पाहत नाहीत. शिवाय ही स्थिती एका उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसावी लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आपला जिल्हा 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात मोडतो. म्हणजे मैदानी भागात पारा 38-39 वर आठवडाभर अडून बसला, तरी कागदावर लाट नाही. गवताला आणि कापसाला मात्र कागद वाचता येत नाही.

आग लागण्याचा व पसरण्याचा धोका नुसत्या उष्णतेवर ठरत नाही. हवेतील ओल, वारा आणि शेवटचा पाऊस कधी झाला, या तीन गोष्टीही तितक्याच मोलाच्या. आपल्या धंद्यातील माणसाला हे शिकवावे लागत नाही. हवा कोरडी झाली की मागावर सूत जास्त तुटते, हे इचलकरंजीचा कोणताही माग चालवणारा सांगेल. 65 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत 100 किलो कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरून ठेवतो. आर्द्रता 20 टक्क्यांवर आली की हे पाणी निम्म्याहून कमी होते. तोच कापूस, तेच गोदाम. पण ठिणगी पडली तर पेट घ्यायला आता कमी वेळ लागतो. पॉलिएस्टर तर मुळातच पाणी धरत नाही, आणि पेटले की वितळून टपकते व आग खाली नेते.

जंगलाच्या आगीचा अंदाज याच तत्त्वावर बांधतात. कॅनडात तयार झालेली एक पद्धत जगभर वापरली जाते. दुपारी बारा वाजताचे तापमान, आर्द्रता, वारा व मागील 24 तासांचा पाऊस एवढ्यावर तिचे गणित चालते. त्यात जळाऊ पदार्थांचे तीन थर धरतात. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला थर मलमलीसारखा: वाळलेले गवत, पालापाचोळा, तो काही तासांत सुकतो. दुसरा गोधडीसारखा, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. तिसरा बांधलेल्या गाठीसारखा. तो आतपर्यंत सुकायला दीड-दोन महिने लागतात, पण एकदा सुकला की एका सरीने ओला होत नाही. लांबलेल्या उन्हाळ्याची खरी भीती इथे आहे. वळीव पडला, मलमल भिजली, लोक निर्धास्त झाले. दोन दिवसांनी ऊन-वारा सुटला की मलमल पुन्हा कोरडी आणि खालची गाठ तर कोरडीच होती.

आपल्या तालुक्यात आंबा घाट, विशाळगडाच्या बाजूला पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. त्यामुळे गवत उंच वाढते आणि तेच मार्चमध्ये जळण होते. वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. गवत चांगले फुटेल या समजुतीने, बांध जाळताना, उसाचे पाचट पेटवून, नाहीतर विडी फेकून. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहाच्या मदतीने आगी टिपते, आणि नाव नोंदवले तर मोबाईलवर सूचनाही मिळते. चढावर आग झपाट्याने वर धावते. रस्त्याकडेला, डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची शेड किंवा गोदाम आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता अंदाजावर भरवसा किती ठेवावा? लाट लांबते ती हवेच्या वरच्या थरात उच्च दाब ठाण मांडून बसला म्हणजे. तेथील हवा खाली दबते, दबताना तापते, ढग होऊ देत नाही. हा दाब दोन-तीन दिवस हलणार नाही, हे खाते बऱ्याच खात्रीने सांगू शकते. पाच ते सात दिवसांचे बरे. दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज निघतो, त्यातून फक्त कल कळतो. तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे बाजाराची तेजी-मंदी सांगण्यासारखा. त्यावर सौदा करू नये, तयारी करावी. फेब्रुवारीच्या अंदाजावर वायरिंग तपासून घ्या. गुरुवारच्या अंदाजावर माल हलवा, छताला आणि बल्बला टेकलेले तागे खाली घ्या. रोजचा अंदाज 'मौसम' ॲपवर पाहताना आमच्या मते तापमानाआधी आर्द्रतेचा आकडा पाहावा.

ॲप नको असेल तर दोन साधे थर्मामीटर सावलीत टांगा. एकाच्या बुडाला ओली मलमल गुंडाळा व वारा घाला. कोरडा 38 आणि ओला 28 दाखवत असेल तर आर्द्रता निम्म्याच्या आसपास आहे. ओला 22 वर गेला तर ती पाव भागाजवळ उतरली. अशा दुपारी पिंजण यंत्र बंद ठेवलेले बरे, शेजारी वेल्डिंगही नको. नदाफ-पिंजारी बंधूंकडे मोकळा कापूस उडत असतो, त्यांनी तर हे पाळावेच.

18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागून 8 जण मरण पावले. त्यात मालकाचे कुटुंब व कामगार होते. शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला. उन्हाळ्यात पंखे-कूलरचा भार वाढतो, सैल जोडणी तापते, आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याची आपली जुनी खोड आहेच. लग्नसराईचा माल दाराशी रचून बाहेर पडायची वाटही अडवली जाते. दुकानावर राहते घर असेल तर दुसरा जिना किंवा खिडकीची उघडणारी जाळी या आठवड्यातच करून घ्या. कोल्हापूरहून बंब निघाला तरी मलकापूरला यायला तास जातो.

विम्याबाबत एवढेच: 1 एप्रिल 2021 पासून 5 कोटी रुपयांपर्यंतच्या लहान धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी मिळते. जंगलाची आग तिच्यात धरली आहे का, आणि माल आपोआप आतून तापून पेटला तर भरपाई मिळते का, हे दोन प्रश्न एजंटाला विचारून उत्तर लेखी घ्यावे. वणवा दिसल्यास वन खात्याचा 1926, आगीसाठी 101 किंवा 112 हे क्रमांक गल्ल्याजवळ लिहून लावावेत.