अहवालात उतार दिसला पाहिजे

आता छपराच्या अंदाजपत्रकाचा साचा बघू. साचा बदलायचा म्हटलं की आपण आधी लोगो बसवतो, रंग निवडतो. ते पाच मिनिटांचं काम. खरी अडचण आकड्यांत असते.

समजा, वळचणीसकट छपराखालची जमीन 1000 चौरस फूट भरली. उतार 30 अंशांचा. मग पाख्यांचं प्रत्यक्ष क्षेत्रफळ 1000 भागिले कोसाइन 30, म्हणजे सुमारे 1155 चौरस फूट. कापण्यात वाया जाणारा माल 10 टक्के धरला, की झाले 1270. सॉफ्टवेअर हिशेब बरोबर करतं, पण साच्यात शेवटचाच आकडा ठेवलेला असेल तर? घरमालक टेप लावतो, त्याला 1000च दिसतात. वरचे 270 कुठून आले? इथंच भांडण लागतं, आणि हिशेब चोख असूनही आपण चोर ठरतो.

म्हणून तीन वेगळ्या ओळी घालायच्या: जमिनीवरचं क्षेत्र, उतारावरचं क्षेत्र, वाया जाणारा माल. आणि हे आकडे हाताने टाइप करायचे नाहीत, हिशेबाच्या रकान्याला जोडायचे. आम्ही एकदा साच्यात नुसतं '10 टक्के' लिहून ठेवलं होतं. पुढच्या छपराला कोन जास्त, म्हणून हिशेबात 15 टक्के धरले; कागदावर मात्र 10च राहिले. ते निस्तरताना नाकी नऊ आले.

अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये 'स्क्वेअर' हे एकक असतं, 100 चौरस फुटांचं. आपल्याकडे त्याला ब्रास म्हणतात. पण वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा! तेव्हा साच्यात एककाचं नाव बदलाल, तर शेजारी '100 चौरस फूट' एवढं लिहाच.